ज्येष्ठ नागरिक बचत योजना : खातेदाराची स्मृती ढळू लागली तर

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेविषयी जे काही लिहिले जाते ते बहुधा व्याजदरापासून सुरू होते आणि करसवलतीपाशी संपते. साठीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या, निवृत्तीची रक्कम नुकतीच हाती आलेल्या आणि चार ठिकाणचे दर ताडून पाहणाऱ्या माणसासाठी ते पुरेसे असेलही. परंतु ही योजना घेणारा माणूस तेथेच थांबत नाही, त्याचे वय वाढत जाते. साठाव्या वर्षी पैशापैशाचा हिशेब ठेवणारा हाच खातेदार अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आपली ठेव कोठे आहे, ती कधी संपते आणि समोर आलेल्या कागदावर सही करावी की करू नये, हे ठरवण्याच्या स्थितीत नसेल तर ही योजना त्याच्याशी कशी वागते, या एकाच कसोटीवर मी तिच्याकडे पाहणार आहे. या कसोटीवर योजनेचा पूर्वार्ध उत्तम आहे आणि उत्तरार्ध निष्काळजीपणे आखलेला आहे, असे माझे मत आहे.

योजनेची मूळ रचना थोडक्यात सांगतो. ती २००४ पासून सुरू आहे. साठ वर्षे पूर्ण झालेल्या भारतीय रहिवाशाला टपाल कार्यालयात किंवा अधिकृत बँकेत हे खाते उघडता येते. मुदतपूर्व निवृत्तांना आणि सेनादलांतील निवृत्तांना काही अटींवर त्याआधीही मुभा आहे. सर्व खाती मिळून ठेवीची कमाल मर्यादा पूर्वी १५ लाख रुपये होती, ती एप्रिल २०२३ पासून ३० लाख झाली. त्याच वेळी व्याजदर ८.२ टक्के झाला आणि पुढे अनेक तिमाह्या तो बदलला नाही. खाते उघडताना जो दर असेल तो पाच वर्षे कायम राहतो आणि व्याज एप्रिल, जुलै, ऑक्टोबर व जानेवारीच्या आरंभी दिले जाते. दहा लाखांच्या ठेवीवर ८.२ टक्क्यांनी तिमाहीला २०,५०० रुपये येतात. ठेवीच्या सुरक्षिततेविषयी शंका घेण्याचे कारण नाही, कारण हमी केंद्र सरकारची आहे.

ही कसोटी आता का लावावी लागते, हे आकडे सांगतात. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठी ओलांडलेले सुमारे १०.४ कोटी लोक होते, आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख माणसे, डिमेन्शियासह, म्हणजे स्मृतिभ्रंशासह, जगत आहेत. निदान झाले की पैशाचे काय करायचे ते पाहू, असे बहुतेक कुटुंबे गृहीत धरतात. पण पैशाची घसरण निदानाच्या पुष्कळ आधी सुरू होते. अमेरिकेत एकट्याने राहणाऱ्या ८१ हजारांहून अधिक वृद्धांच्या कर्जफेडीच्या नोंदी त्यांच्या वैद्यकीय नोंदींशी जोडून पाहणारा एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना पुढे डिमेन्शियाचे निदान झाले त्यांची देणी निदानाच्या तब्बल सहा वर्षे आधीपासून चुकू लागलेली होती, असे त्यात दिसले. आपल्याकडे बिलांची चाळीस खाती नसतात, एखादी पेन्शन, दोन-चार पावत्या आणि एक लॉकर असतो, एवढाच फरक.

माझ्या थोरल्या काकांचे उदाहरण या लेखामागे आहे, म्हणून तेवढे सांगणे भाग आहे. काका पाटबंधारे खात्यात लेखा विभागात होते, आणि घरातल्या सर्वांच्या आयकराचे विवरणपत्र तेच भरत असत. त्यांच्या कपाटात तिमाही व्याजाची एक रेघांची वही आहे. त्यात डाव्या बाजूला तारीख, मध्ये रक्कम आणि उजवीकडे लाल शाईची बरोबरची खूण, अशा नोंदी पंधरा-सोळा वर्षे एकाही खाडाखोडीशिवाय केलेल्या आहेत. मग एका पानावर जुलैची नोंद दोनदा येते. पुढच्या पानावर रक्कम आहे पण तारीख नाही, आणि त्यानंतर एका ठिकाणी व्याजाच्या रकान्यात दूधवाल्याचा हिशेब लिहिलेला आहे. घरात तेव्हा कोणाच्याही मनात डिमेन्शिया हा शब्द आलेला नव्हता; काका वर्तमानपत्र वाचत होते, नातवंडांची नावे अचूक घेत होते आणि "वयोमानानुसार थोडे होतेच" या वाक्याने सर्वांचे समाधान होत होते.

या धूसर काळात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेने काकांना जेवढे सांभाळले तेवढे त्यांच्या दुसऱ्या कोणत्याही गुंतवणुकीने सांभाळले नाही, आणि त्याचे श्रेय योजनेच्या कंटाळवाणेपणाला आहे. खात्याची जोडणी एकदा बचत खात्याशी करून दिली की व्याज दर तीन महिन्यांनी आपोआप तेथे जमा होते. त्यासाठी काही आठवावे लागत नाही, कोणाला फोन करावा लागत नाही. ठेवीवर कर्ज मिळत नाही, त्यामुळे गोड बोलणाऱ्या नातलगाच्या किंवा दलालाच्या सांगण्यावरून ती कोठे गहाण पडत नाही. मुदतीआधी खाते बंद करता येते, पण पहिल्या ते दुसऱ्या वर्षादरम्यान मुद्दलाच्या दीड टक्का आणि दोन वर्षांनंतर एक टक्का रक्कम कापली जाते. तरुण गुंतवणूकदाराला ही कपात जाचक वाटेल. आम्हाला मात्र ती उंबऱ्यावरच्या कुत्र्यासारखी वाटली, फार चावत नाही पण आत शिरणाऱ्याला थबकायला लावते. बँकेची साधी मुदत ठेव मोबाईलवर दोन मिनिटांत मोडता येते आणि "डिजिटल अरेस्ट"च्या नावाने वृद्धांना तासन्‌तास व्हिडिओ कॉलवर धरून ठेवणाऱ्या टोळ्यांना नेमकी हीच सोय हवी असते. काकांचे हे खाते मोडायचे तर पासबुक आणि अर्ज घेऊन शाखेत जाणे भाग होते. घाबरलेला माणूस शाखेतही जातो, हे खरे आहे, आणि तशा घटना घडल्याही आहेत. परंतु तेथे निदान काउंटरपलीकडे एक माणूस असतो, जो विचारू शकतो की आजोबा, इतकी घाई कशासाठी?

आणखी एक गुण सहसा कोणी मोजत नाही. या योजनेवर एजंटाला कमिशन मिळत नाही. पूर्वी मिळत असे, ते डिसेंबर २०११ मध्ये बंद झाले. परिणामी ही योजना विकण्यासाठी कोणी घरी येत नाही, दिवाळीला मिठाईचा पुडा पाठवत नाही आणि "जुनी बंद करून नवी घ्या, त्यात जास्त फायदा आहे" असे सुचवत नाही. काकांच्या कपाटात ज्या विमा पॉलिसी सापडल्या, त्यांतली एक तर वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी दहा वर्षे हप्ते भरण्याच्या बोलीवर घेतलेली होती. त्या प्रत्येकीमागे कोणाचे तरी कमिशन होते. स्मृती मंदावलेल्या माणसाच्या दृष्टीने ज्या वस्तूला विक्रेताच नाही ती वस्तू पुष्कळ सुरक्षित असते.

उणिवांपैकी सर्वांत मोठी उणीव मुदतपूर्तीच्या दिवशी उघडी पडते. पाच वर्षे संपली की खाते आपोआप पुढे चालू राहत नाही. तीन वर्षांची मुदतवाढ मिळते, आणि नोव्हेंबर २०२३ च्या दुरुस्तीनंतर ती कितीही वेळा घेता येते. पण प्रत्येक वेळी खातेदाराने मुदतपूर्तीपासून एका वर्षाच्या आत स्वतः अर्ज द्यायचा असतो. तो दिला नाही आणि खाते बंदही केले नाही, तर मुदतपूर्तीनंतर ठेवीवर टपाल बचत खात्याच्या दराने, म्हणजे ४ टक्क्यांनी, व्याज धरले जाते. तीस लाखांवर ८.२ टक्क्यांनी वर्षाला २,४६,००० रुपये येतात आणि ४ टक्क्यांनी १,२०,००० येतात. म्हणजे एक अर्ज विसरण्याची किंमत वर्षाला सव्वा लाखाच्या वर जाते. टपाल खात्याने २०२५ मध्ये असाही आदेश काढला की मुदतपूर्तीनंतर तीन वर्षांत बंद न केलेली किंवा न वाढवलेली अल्पबचत खाती गोठवली जातील. खातेदाराच्या पैशाच्या सुरक्षिततेसाठी हे केले आहे, असे त्यामागचे कारण आहे आणि ते खोटे नाही. पण गोठलेले खाते पुन्हा चालू करण्यासाठी ओळखपत्रे, पासबुक आणि सही घेऊन ज्याने जायचे, तो खातेदार याच तीन वर्षांत विसरत गेलेला असतो. बँकेची मुदत ठेव, तिच्यात दोष कितीही असले, तरी आपोआप नूतनीकरणाची सूचना एकदा देऊन ठेवली की वर्षानुवर्षे पुढे सरकत राहते. खास वृद्धांसाठी काढलेल्या योजनेत ही साधी सोय असू नये, याचे मला नवल वाटते. खाते उघडण्याच्या अर्जातच "माझ्याकडून सूचना न आल्यास तीन वर्षांची मुदतवाढ आपोआप द्यावी" अशी एक चौकट ठेवणे अर्थ मंत्रालयाला अवघड नाही.

दुसरी उणीव संयुक्त खात्याच्या नियमात आहे. हे खाते केवळ पती किंवा पत्नीसोबत संयुक्तपणे उघडता येते. मुलगा, मुलगी, सून, भाऊ यांपैकी कोणालाही दुसरा धारक करता येत नाही. साठीतल्या जोडप्याला हा नियम खटकत नाही. मात्र पंधरा-वीस वर्षांनी दोघांपैकी एकजण, आपल्या समाजात बहुधा पत्नी, मागे उरते, आणि तिचे खाते अशा वयात एकटीच्या नावावर असते की जेव्हा दुसऱ्या कोणाच्या सहीची खरी गरज असते. वारसनोंद केलेली आहे, मग काळजी कशाला, असे पुष्कळजण म्हणतात. वारसाचा अधिकार मृत्यूनंतर सुरू होतो. खातेदार जिवंत आहे, श्वास घेतो आहे, पण व्यवहार कळण्याच्या पलीकडे गेला आहे, अशा अवस्थेत नामनिर्देशित व्यक्तीला एक रुपयाही काढता येत नाही.

येथे कायद्याची पोकळी सुरू होते, आणि ती केवळ या योजनेची नाही. पुष्कळ घरांत असा समज असतो की वडिलांनी मुखत्यारपत्र करून दिले की प्रश्न मिटला. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार मुखत्यार देणारा मरण पावला किंवा त्याचे मानसिक संतुलन ढळले तर मुखत्यारी संपुष्टात येते. थोडक्यात, जेव्हा मुखत्यारपत्र उपयोगी पडायला हवे तेव्हाच ते निरुपयोगी ठरते. इंग्लंडमध्ये मानसिक क्षमता गेल्यानंतरही टिकणारे मुखत्यारपत्र १९८६ पासून करता येत आले आहे. जपानमध्ये प्रौढांसाठी पालक नेमण्याची कायदेशीर व्यवस्था २००० पासून आहे. शिवाय डिमेन्शिया झालेल्या खातेदाराच्या उपचारांसाठी नातेवाइकांना पैसे कोणत्या परिस्थितीत देता येतील, याविषयी तेथील बँकांच्या संघटनेने २०२१ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. आपल्याकडे १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालयाने मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याची तरतूद होती. २०१७ च्या नव्या कायद्याने रुग्णाच्या हक्कांविषयी पुष्कळ चांगल्या गोष्टी आणल्या, पण ती तरतूद मात्र गाळली. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्थानिक समिती पालक नेमू शकते, परंतु ती सोय स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांपुरती आहे. डिमेन्शियाच्या रुग्णाच्या कुटुंबाला राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करून पालक म्हणून नेमणूक मागावी लागते. मुंबई उच्च न्यायालयासह काही उच्च न्यायालयांनी असे आदेश दिलेले आहेत. आजारी माणसाचे घर सांभाळणाऱ्या काकूंसारख्या बाईने वकील गाठून, वैद्यकीय अहवाल जमवून उच्च न्यायालयात जायचे आणि तेही स्वतःच्याच संसाराच्या पैशासाठी!

काकांच्या खात्याची मुदत संपण्याच्या सुमारास आम्हाला हे सर्व जवळून पाहायला मिळाले. त्यांच्या सहीत आडनावाच्या शेवटी खाली वळून परत मागे येणारा एक फाटा असायचा. तो आता हातातून उतरत नव्हता. काकू त्यांना घेऊन शाखेत गेल्या, तेथे एका अधिकाऱ्याने नमुना सही संगणकावर मोठी करून दाखवली आणि "काका, ही अशी करा" असे सांगितले. काकांनी ती सही काळजीपूर्वक, एखादे चित्र उतरवून काढावे तशी, काढली. ती जुळली नाही. मग अंगठ्याचा विषय निघाला. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार आजारी वा वृद्ध खातेदाराला सही करता येत नसेल तर बँकेला माहीत असलेल्या दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर अंगठ्याचा ठसा चालतो, आणि त्यांपैकी एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. पण ही सोय हात थरथरणाऱ्यासाठी आहे. ज्याला आपण कशावर अंगठा उठवतो आहोत हेच कळत नाही, त्याच्यासाठी ती नाही, आणि त्या अधिकाऱ्याने तसे स्पष्ट सांगितले, यात त्याचे चुकले असे मला वाटत नाही. शाखेने मात्र आम्हाला जो त्रास दिला तो वेगळा होता: प्रत्येक भेटीत नवा कागद मागितला गेला आणि कोणता नियम लागू आहे हे कोणीही लेखी दिले नाही. अखेरीस एका दुपारी, औषधांची मात्रा बदलल्यानंतर, काका बरेच स्वच्छ बोलू लागले. त्यांनी अधिकाऱ्याला रक्कम किती, मुदत किती आणि पैसे कोणासाठी ठेवायचे हे स्वतः सांगितले आणि मुदतवाढीच्या अर्जावर फाट्यासकट सही केली. तशी दुपार पुन्हा लाभेल याची हमी कोण देणार?

ज्यांच्या घरी साठीचे आई-वडील आहेत आणि हे खाते अजून उघडायचे आहे, त्यांच्यासाठी काही गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. पती-पत्नी दोघेही पात्र असतील तर सगळी रक्कम एकाच्या नावावर न ठेवता दोघांची स्वतंत्र खाती उघडावीत आणि प्रत्येकात दुसऱ्याला संयुक्त धारक करावे. मर्यादा प्रत्येकी ३० लाखांची असल्यामुळे त्यात अडचण येत नाही. सर्व खाती एकाच शाखेत आणि शक्यतो एकाच महिन्यात उघडावीत. मुदतपूर्तीच्या तारखा विखरून ठेवाव्यात, असे गुंतवणुकीचे सल्लागार सांगतात. व्याजदराच्या दृष्टीने ते शहाणपणाचे असले तरी स्मृतीच्या दृष्टीने नाही, कारण पाच तारखांपैकी एक हमखास निसटते. व्याज ज्या बचत खात्यात जमा होते, ते खाते मात्र मुलगा किंवा मुलगी यांच्यासह "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला" या पद्धतीचे करता येते, आणि योजनेच्या संयुक्त धारकाच्या नियमातून वाट काढण्याचा आम्हाला सापडलेला हाच सर्वांत सरळ मार्ग आहे. मुद्दल कुलूपबंद राहते, तिमाही व्याज घरखर्चाला मिळत राहते. या मार्गात धोका नाही असे नाही. संयुक्त खात्यातून मुलानेच पैसे उपसल्याची उदाहरणे आपल्या सर्वांच्या परिचयाची आहेत. म्हणून त्या खात्यात तीन-चार महिन्यांच्या खर्चापलीकडे रक्कम साठू देऊ नये आणि व्यवहाराचा संदेश दुसऱ्या भावंडाच्या मोबाईलवरही जाईल अशी काही व्यवस्था घरात ठरवून ठेवावी.

करकपातीच्या बाबतीत आणखी एक वार्षिक काम मागे लागते. ज्येष्ठांच्या व्याजावर उगमस्थानी करकपातीची मर्यादा एप्रिल २०२५ पासून वर्षाला एक लाख रुपये झाली आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण त्यापुढचे व्याज असून कर लागत नसेल तर आजवर १५एच या नावाने ओळखला जाणारा अर्ज दर वर्षी नव्याने द्यावा लागतो. तो राहून गेला तर पैसे बुडत नाहीत, विवरणपत्र भरून परत मिळतात. मात्र ते विवरणपत्र आता कोण भरणार, हे घरात आधीच ठरलेले असावे.

पर्यायांशी तुलना करायची तर या कसोटीवर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेच्या पुढे जाणारी एकच वस्तू मला दिसते, ती म्हणजे आयुर्विमा महामंडळाच्या जीवन अक्षय-७ सारखी तात्काळ सुरू होणारी वर्षासन योजना, म्हणजे एकरकमी पैसे देऊन त्या बदल्यात हयातभर ठरावीक रक्कम मिळण्याची सोय. ती मुदतीने संपतच नाही, त्यामुळे नूतनीकरणाच्या अर्जाचे प्रकरण उद्भवत नाही. पती-पत्नी दोघांच्या हयातीपर्यंत पूर्ण रक्कम देणारा पर्यायही तीत आहे. तिचा दोष असा की पैसे त्यात अडकून पडतात, वर्षासनाची रक्कम महागाईबरोबर वाढत नाही, आणि मुद्दल वारसांना परत मिळण्याचा पर्याय घेतला तर उत्पन्न बचत योजनेच्या व्याजाहून बरेच कमी येते. सत्तरीच्या आतल्या, तब्येतीने ठणठणीत माणसाला मी अजूनही बचत योजनाच सुचवेन. ज्यांच्या घराण्यात डिमेन्शियाचा इतिहास आहे, ज्यांना मूलबाळ नाही किंवा ज्यांची मुले परदेशात आहेत आणि मुदतवाढीच्या अर्जासाठी शाखेत सोबत येणारे कोणी नाही, त्यांनी पंचाहत्तरीच्या आधी यातला एक भाग वर्षासनाकडे वळवावा, असे माझे मत आहे.

काकूंच्या स्वतःच्या खात्याची मुदत पुढच्या वर्षी संपते. त्या आज पूर्ण शुद्धीत आहेत, हिशेबात माझ्यापेक्षा पक्क्या आहेत, आणि निम्मी रक्कम वर्षासनात व निम्मी मुदतवाढीत घालण्याचा निर्णय त्यांनी स्वतः घेतला आहे. त्यांनी तो स्वतःच्या हस्ताक्षरात काकांच्याच वहीच्या पुढच्या कोऱ्या पानावर तारखेसह लिहून ठेवला आणि खाली आम्हा दोघा पुतण्यांच्या सह्या घेतल्या. त्या कागदाला कायद्याच्या दृष्टीने फारशी किंमत नाही हे त्यांनाही ठाऊक आहे. "तुम्ही दोघे नंतर भांडू नये म्हणून" एवढेच कारण त्यांनी दिले.